मुक्याचा सज्जनपणा

सज्जन होण्याचे आपल्याकडे पुष्कळ मार्ग सांगितले आहेत. कोणी काशीला जातो, कोणी गुरू करतो, कोणी साठी उलटली की चातुर्मासात कांदा सोडतो आणि तो सोडल्याचं चार महिने प्रत्येक पंगतीत सांगत बसतो. मी यांतलं काहीच केलं नाही. मी फक्त चीनमध्ये राहायला गेलो. तिथली भाषा येत नाही एवढ्या एका भांडवलावर मी थोड्याच दिवसांत इतका सज्जन झालो की, आमच्या बिल्डिंगमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझा दाखला देतात म्हणे. हे मला सूनबाईंनी सांगितलं. आमच्या हिनं ते ऐकलं आणि ती हातातलं लाटणं खाली ठेवून पाच मिनिटं हसत होती.

तिचं हसणं अगदीच निराधार नव्हे. माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली. दुसऱ्याच्या वहीत हरकत काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, हे पस्तीस वर्षं चाललं. त्यात घर पुण्यात. म्हणजे हरकतीची हौसही घरचीच. रिक्षावाला, दूधवाला, बँकेतला कारकून, लग्नातला आचारी यांच्याशी मी जे बोलत असे त्यात एकही अपशब्द नसे. व्याकरण शुद्ध, आवाज बेताचा. पण ऐकणाऱ्याचा उरलेला दिवस वाया जाई. ‘आपण सावकाश या हो, आम्हाला काय, आम्ही जन्मभर इथंच उभे आहोत’ हे वाक्य मी ज्या सुरात म्हणत असे, तो सूर यायला तीन पिढ्या लागतात.

आमचे चिरंजीव चीनमध्ये योगासनं शिकवतात. आमच्या पिढीतल्या पुणेकराला कंबरेत वाक म्हटलं तर तो आधी ‘कोणापुढं?’ म्हणून विचारील. तिथं लोक पैसे भरून वाकतात. हा धंदा तिकडे चांगला रुजला आहे. कुनमिंग शहरात तर २०१५ साली भारत आणि चीन या दोघांच्या नावाचं एक योग महाविद्यालयच निघालं. चिरंजीव त्याच शहरात खाजगी वर्ग घेतात. सूनबाई तिथल्याच. पुढं नात झाली, आणि ‘आईबाबा, आता तुम्ही इकडेच या’ असं निघालं. दोन देशांतली थेट विमानं २०२० मध्ये बंद पडली ती ऑक्टोबर २०२५ पर्यंत बंदच होती. आम्ही २०२३ मध्ये बँकॉकवरून वळसा घालून गेलो. सामानात दोन किलो मेतकूट, हिची सांडशी आणि माझा स्वभाव.

निवृत्त परदेशी माणसानं नुसतं आरामात राहावं असा व्हिसा चीनमध्ये नाही. तिथं कोणाचा तरी कोण म्हणूनच राहता येतं. आम्ही नातलग म्हणून राहतो. पोचल्यापासून चोवीस तासांत पोलीसचौकीवर नाव नोंदवायचं, तीस दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. कागदावर आमचं नाव ‘वायक्वो रन’, म्हणजे बाहेरच्या देशाची माणसं. पण गंमत पहा. चिनी भाषेत आईच्या वडिलांना ‘वायकुंग’ म्हणतात. त्यातला ‘वाय’ म्हणजेही बाहेरचा! म्हणजे आमचे व्याही, ज्यांचा जन्म याच शहरात गेला, ते नातीचे बाहेरचे आजोबा. आणि मी, ज्याला चौकीवर जाऊन हजेरी लावावी लागते, तो घरचा आजोबा. व्याह्यांना चिनीत स्वतंत्र शब्द आहे, ‘छिंगज्या’. ज्या भाषेत व्याह्याला शब्द आहे ती भाषा अगदी परकी नाही, असं हिचं मत पहिल्याच आठवड्यात झालं. इंग्रजीला हे काही साधलेलं नाही.

कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. त्याला वसंताचं शहर म्हणतात, कारण तिथं धड उन्हाळा नाही की धड हिवाळा नाही. त्यामुळं हवेला नावं ठेवण्याचा आमचा पिढीजात व्यवसायही बसला. सकाळी नातीला बालवाडीत सोडायचं, मग भाजी, दुपारी बागेत एक चक्कर, आणि दिवसभर गरम पाणी. चिनी माणूस गार पाणी पीत नाही. काहीही दुखलं, मन दुखलं तरी, गरम पाणी. संध्याकाळी चौकात बायकांचा सामुदायिक नाच असतो. तिथल्या कामगार बायका आजवर पन्नाशीलाच निवृत्त होत आल्या. १ जानेवारी २०२५ पासून हे वय पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं पंचावन्नवर न्यायचं ठरलं आहे, आणि पुरुषांचं साठावरून त्रेसष्टवर. पण आजच्या घडीला चौकात ठणठणीत बायकांची पलटण उभी असते. आमची ही तिसऱ्या रांगेत असते. तिनं सुरुवात झिम्म्याच्या पायांवर केली. आता दुसऱ्या रांगेतल्या दोघीजणी तिच्यासारखं करतात.

तर मुद्दा सज्जनपणाचा. चिरंजीवांनी माझ्या फोनमध्ये भाषांतराचं एक यंत्र घालून दिलं आहे. आपण मराठीत बोलायचं, ते चिनीत बोलतं. एकदा लिफ्टपाशी एक गृहस्थ माझ्यापुढं घुसले. मी यंत्रासमोर माझ्या ठेवणीतल्या सुरात म्हणालो, ‘वा! काय शहाणपणा आहे!’ यंत्रानं त्याचं जे काही केलं असेल ते ऐकून गृहस्थांनी छातीवर हात ठेवला, वाकून हसले, मला आधी आत जाऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी संत्री आणून दिली. सूनबाईंनी खुलासा केला की, त्यांच्या बुद्धीचं इतकं मोकळेपणानं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. तीन पिढ्यांचा सूर एका यंत्रानं धुऊन टाकला! त्या दिवसापासून मी शस्त्र खाली ठेवलं. फक्त हसतो, मान हलवतो, ‘श्येश्ये’ म्हणून आभार मानतो. झालो सज्जन.

पण याला पक्कं प्रमाणपत्र मिळालं ते बुद्धिबळाच्या पटावर. बागेत म्हाताऱ्यांचे डाव चालतात. त्यांचं बुद्धिबळ वेगळं, ‘श्यांगछी’. सोंगट्या म्हणजे अक्षरं कोरलेल्या गोल चकत्या. पटाच्या मधून नदी वाहते. घोडा नदी ओलांडतो, प्यादं ओलांडतं, हत्तीला मात्र ओलांडता येत नाही. त्यानं जन्मभर आपल्याच काठावर पहारा करायचा. हे कळलं तेव्हा मला त्या हत्तीविषयी फार जवळीक वाटली. आमच्या पेठेत असे पुष्कळ हत्ती आहेत. तर या खेळाची तिथं एक जुनी म्हण आहे. कधी कधी ती पटावरही छापलेली असते. तिचा भावार्थ असा की, डाव बघताना जो तोंड उघडत नाही तो खरा ‘च्युनत्झ’. च्युनत्झ म्हणजे कन्फ्यूशियसच्या शाळेतला आदर्श पुरुष. आपण सत्पुरुष म्हणू. आता प्रत्यक्षात काय होतं, तर एका डावाभोवती आठ-दहा म्हातारे उभे असतात, आणि खेळणारे दोघे सोडून बाकी सगळे खेळत असतात. कोणी ओरडतो, कोणी कपाळ बडवून घेतो, एकजण तर परस्पर सोंगटीच हलवतो. त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस हात मागं बांधून निमूट उभा असतो. मी! एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना सुनावलं, ‘च्युनत्झ!’ व्याह्यांनी अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाचकहो, हिशेबतपासनिसाची झोप अशाच गोष्टींनी उडते. जमेला रक्कम दिसतेय, पण ती आली कुठून ते कळत नाही. ज्याला बोलताच येत नाही त्याचं मौन हा सद्गुण कसा? दात पडलेल्या माणसानं चकली सोडली तर त्याला आपण व्रत म्हणतो का? मला जर ती भाषा येत असती तर मी त्या म्हाताऱ्यांत सगळ्यात मोठ्यानं ओरडलो असतो, आणि वर ‘चालू द्या, हरणंही एक कलाच आहे’ असं काहीतरी म्हणून घरी आलो असतो. मग हे प्रमाणपत्र कोणाचं? माझं, की माझ्या अज्ञानाचं?

मी हा प्रश्न हिच्यापुढं मांडला.

“अहो, झोपा,” ही म्हणाली. “समोरच्याला त्रास झाला नाही ना? मग तो येत नाही म्हणून झाला नाही की इच्छा नाही म्हणून झाला नाही, याच्याशी त्याला काय करायचंय?”

“अगं पण मग चांगुलपणाला अर्थ काय राहिला? दगडही कोणाला टोचून बोलत नाही.”

“दगडाशी मी चाळीस वर्षं संसार केला असता तर मला सांगता आलं असतं,” असं म्हणून ती कूस वळवून झोपली.

हिचा मुद्दा तसा वजनदार आहे. ज्याला टोमणा बसला नाही त्याच्या दृष्टीनं माझं मन तपासण्याची गरजच नाही. फळ बघावं, झाडाची जात विचारू नये. पण याच मुद्द्याला दोनच आठवड्यांत हिनंच सुरुंग लावला, तोही भाजीबाजारात.

मला ही चिनी वर्ग लावून शिकलेली नाही. ती बाजारात शिकली. तिच्याजवळ शंभरेक शब्द असतील. त्यांतले निम्मे आकडे आणि उरलेले भाज्या. या भाषेत सूर चुकला तर अर्थ फिरतो. ‘माय’ एका सुरात म्हटलं तर विकत घेणं, दुसऱ्या सुरात म्हटलं तर विकणं. हिला सूर आहे, मला नाही. असो. डोंगरातून येणारी एक म्हातारी पालेभाजी घेऊन बाजाराच्या टोकाला बसते. तिथं आता रोख पैसे फारसे कोणी देत नाही. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन टांगलेला असतो, त्यावर फोन धरायचा, पैसे जातात, आणि विकणाऱ्याजवळची एक डबी मोठ्यानं सांगते की इतके इतके युआन जमा झाले. त्या दिवशी एका तरुणानं तीन जुड्या घेतल्या, चौकोनापुढं फोन नाचवला आणि निघाला. डबी काही बोलली नाही. म्हातारीला कमी ऐकू येतं. ती डबी बोलली असेल असं समजून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाजूला चार माणसं होती. सगळी च्युनत्झ. आमच्या हिनं मात्र त्याच्या पिशवीचा बंद धरला आणि आपल्या शंभर शब्दांतला सगळ्यात उपयोगाचा शब्द काढला, ‘मेयो!’ मेयो म्हणजे नाही, झालं नाही, मिळालं नाही. डबीकडे बोट दाखवून, ‘मेयो! मेयो!’ बाजार गोळा झाला. तरुणानं खुलासा केला, फोन दाखवला, हसून दाखवलं; ही आपली ‘मेयो’. शेवटी त्यानं पुन्हा फोन धरला, डबी बोलली, आणि हिनं बंद सोडला.

हे मला व्याह्यांकडून कळलं. सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्या दिवसापासून म्हातारी हिच्या पिशवीत कोथिंबीर फुकट घालते, आणि तिला लांबून हाक मारते. मला बाजारात सगळे नमस्कार करतात. हाक कोणी मारत नाही. मी पाहुणा आहे. ही तिथली झाली, कारण ती तिथं भांडली.

आता माझ्या प्रश्नाला दुसरीकडूनच वाट फुटली. पटापाशी तोंड मिटणं शहाणपणाचं, कारण तिथं हरलं तर एक डाव हरतो. बाजारात तोंड मिटलं तर म्हातारीच्या तीन जुड्या जातात. त्या म्हणीत ‘डाव बघताना’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. लोक म्हणीचा उत्तरार्ध तेवढा पाठ करतात आणि तो सगळीकडे वापरतात. मौन ही काही चांगली किंवा वाईट वस्तू नव्हे. ते कोणाच्या खर्चानं पाळलं जातं आहे ते बघावं लागतं. हा हिशेबतपासणीचा पहिला धडा, आणि तो मला निवृत्त झाल्यावर एका पालेभाजीच्या जुडीनं शिकवला.

आपल्याकडचा एक माणूस हे फार पूर्वीच समजला होता. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. जखमांना भाषा नसते. शस्त्रक्रिया करून, हसून, मान हलवून त्यांचं भागलं असतं. पण ते चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, १९४१ मध्ये क्वो छिंगलान या चिनी मुलीशी त्यांनी लग्न केलं, आणि मुलाचं नाव ठेवलं इन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीसाव्या वर्षी, ते तिथंच वारले. बागेतल्या म्हाताऱ्यांना मी कोणत्या गावचा हे कळत नाही, पण ‘ख तीहुआ’ हे कोटणीसांचं चिनी नाव घेतलं की ते लगेच अंगठा वर करतात. आमच्याकडे पाहून लोक उठून जागा देतात त्यात काही पैसे त्यांच्या खात्यातले आहेत, हे मी मनोमन नोंदवून ठेवलेलं आहे.

पण मग नुसत्या मुक्या चांगुलपणाला काहीच किंमत नाही, असंही म्हणवत नाही. कुनमिंगला हिरव्या तळ्यावर दर हिवाळ्यात सैबेरियातून हजारो कुरव पक्षी येतात, ज्यांना आपण सीगल म्हणतो ते. १९८५ च्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा शहरात मोठ्या संख्येनं उतरले. तिथं एक निवृत्त कामगार होता. पेन्शन बेताची, घरात दुसरं कोणी नाही. तो दूरवरून पायी येऊन त्यांना खाऊ घालायचा. पेन्शनीतला निम्म्याहून जास्त भाग त्या खाण्यावर जायचा. असं त्यानं जवळजवळ दहा वर्षं केलं, आणि १९९५ मध्ये तो गेला. आता तळ्याकाठी त्याचा पुतळा आहे. पक्ष्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला पक्ष्यांची नव्हती. आणि ते परदेशी पाहुणे कुठल्या चौकीवर नाव नोंदवतात हेही त्यानं विचारलं नाही. म्हणजे शब्दांवाचूनही चांगुलपणा होतो. फक्त त्याला पाय झिजवावे लागतात आणि खिशात हात घालावा लागतो. नुसतं हसून मान हलवण्यात तो भागत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात व्याह्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. बागेतली सगळी बोलकी मंडळी एकेक करून भेटून गेली. पाच मिनिटं बसत, काय बोलावं ते सुचेना, गरम पाण्याचा पेला पुढं करत आणि उठत. ज्या मैत्रीत चाळीस वर्षं बोलणंच बोलणं झालं ती एकदम मुकी झाली की माणसं घाबरतात. मी पट घेऊन गेलो. आमच्या दोघांत काहीच बदललं नव्हतं. आधीही आम्ही कधी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी डाव्या हातानं घोडा पुढं घातला, मी तोफ सरकवली, त्यांनी डोळे मिचकावले. तीन महिने रोज दुपारी हे चाललं. पुढं थोडी वाचा परत आली तेव्हा, सूनबाई सांगतात, त्यांचं पहिलं समजेल असं वाक्य माझ्या एका चालीला नावं ठेवणारं होतं.

तेव्हा मला वाटलं, हा मुकेपणा अगदीच नादारीचा नसावा. पण तपासणी अजून पुरी झाली नव्हती. पाय मोडला की प्लास्टर घालतात. प्लास्टरमध्ये पाय हलत नाही यात पायाचं काही कौतुक नाही. हाड जुळलं की नाही ते प्लास्टर काढल्यावर चालून बघायचं असतं.

२०२५ मध्ये गणपतीला पुण्याला गेलो होतो, आणि नेमकी सोसायटीची सर्वसाधारण सभा निघाली. विषय पार्किंगचा. भाषा माझी, माणसं माझी, सूरही आपोआप घशात येऊन बसला. सेक्रेटरी हिशेब वाचत होते आणि त्यांच्या वहीत तीन हरकती मला पाठमोऱ्याही दिसत होत्या. वाक्यही तयार झालं होतं. फार सुंदर झालं होतं. पण बागेत इतके दिवस शब्द कळत नसल्यामुळं मला हात बघायची सवय लागली आहे. व्याह्यांचा डाव बिघडला की त्यांची करंगळी हलायची. सेक्रेटरींच्या हातातला कागद हलत होता. मी उठलो आणि तीनही हरकती सांगितल्या, कारण पैसे सगळ्यांचे होते आणि गप्प बसणं हे म्हातारीच्या जुड्या जाऊ देण्यासारखं झालं असतं. पण ते सुंदर वाक्य मात्र गिळलं. गिळताना काय यातना झाल्या ते मला विचारू नका. सभा संपल्यावर सेक्रेटरी जवळ येऊन म्हणाले, “काका, तब्येत बरी आहे ना?”

सध्या मी चिनी शिकायला बसलो आहे. शिकवणारी नात आहे आणि तिची फी रोजची एक चिक्की. हिला धास्ती वाटते की जसजसे शब्द येतील तसतसा माझा सज्जनपणा उतरणीला लागेल आणि बिल्डिंगमधल्या नवऱ्यांची सुटका होईल. होईलही. पण बोलता यायला लागल्यावर जेवढा उरेल तेवढाच माझा. बाकीचा नुसता उचल घेतलेला होता, तो परत करायलाच हवा. परवा नातीनं विचारलं, आजोबा, आज कुठला शब्द शिकायचा? मी म्हटलं, ‘मेयो’. सूर अजून जमत नाही. ती म्हणते, तुम्ही तो फार गोड म्हणता, असं म्हटलं तर कोणी पिशवी परत देणार नाही.